ॲव्हरेज उत्तम, ट्रक गॅरेजमध्ये: बिटकॉइन मायनिंगची यंत्रे कशी तोलावीत

गोव्यात ‘मायनिंग’ म्हटले की लाल धूळ, टिप्परच्या रांगा आणि मांडवीतले बार्ज आठवतात. त्यामुळे माझ्या भाच्याने जेवता जेवता “मी मायनिंग सुरू करतोय” असे जाहीर केले तेव्हा भावोजींच्या हातातला घास तसाच राहिला. डिचोलीत त्यांचे दोन टिप्पर होते. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्याफार सुरू झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर त्यांनी दोन्ही गाड्या मिळेल त्या किमतीला काढल्या.

“परत खाण?”

“बाबा, बिटकॉइनची. घरातच. एक पेटी असते, शूबॉक्सएवढी.”

भावोजींनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि विचारले, “ॲव्हरेज किती देते?”

प्रश्न अगदी नेमका होता. भाच्याला वाटले बाबा चेष्टा करताहेत. मी फोंड्यात इन्व्हर्टर, यूपीएस आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. अशी काही यंत्रे माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत, म्हणून पुढचे दोन तास समजावण्याचे काम माझ्याकडे आले. तेच इथे जरा नीट मांडतो.

आधी ही पेटी करते काय ते पाहू. बिटकॉइनचे सगळे व्यवहार एका सार्वजनिक वहीत लिहिले जातात आणि त्या वहीला साधारण दर १० मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. त्या पानाला म्हणतात ब्लॉक. पान कोणी जोडायचे हे ठरवायला एक शर्यत लावलेली असते. पानावरचा मजकूर आणि एक मनाने घेतलेला आकडा एकत्र करून एसएचए-२५६ नावाच्या गणिती चरकातून दोनदा पिळायचा. बाहेर पडलेले उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आले तर तुम्ही जिंकलात. नाही आले तर आकडा बदला, परत पिळा. यात हुशारी चालत नाही, आडवाट नाही. जो जास्त वेळा पिळेल त्याची जिंकण्याची शक्यता जास्त. जिंकणाऱ्याला २० एप्रिल २०२४ पासून एका पानामागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. त्याआधी ६.२५ मिळत. दर चार वर्षांनी हे बक्षीस निम्मे होत जाते.

एकदा पिळणे म्हणजे एक हॅश. एक टेराहॅश म्हणजे एक लाख कोटी वेळा पिळणे. २०२३ मध्ये जाहीर झालेले अँटमायनर एस २१ हे यंत्र सेकंदाला २०० टेराहॅश करते आणि त्यासाठी ३५०० वॅट वीज खाते. ३५०० ला २०० ने भागा: १७.५. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल ऊर्जा, तेव्हा हे झाले त्याचे ॲव्हरेज, एका टेराहॅशला १७.५ जूल. ट्रकच्या ॲव्हरेजच्या उलट इथे आकडा जितका लहान तितका चांगला, एवढाच फरक.

गेल्या काही वर्षांत हा आकडा फार झपाट्याने खाली आला आहे. याच अँटमायनर मालिकेतल्या २०१६ च्या एस ९ ला एका टेराहॅशला १०० जूलच्या आसपास लागत. २०२० च्या एस १९ प्रो ला २९.५ लागतात, एस २१ ला १७.५, आणि त्यानंतर आलेल्या एस २१ एक्सपी ला १३.५. मायक्रोबीटी या दुसऱ्या कंपनीच्या व्हॉट्समायनर मालिकेत एम ६० एस १८.५ वर आहे. चिपवरचे ट्रान्झिस्टर १६ नॅनोमीटरवरून ७ वर आणि मग ५ वर आले, ही सगळी त्याची करामत. पण उतार आता सौम्य होत चाललाय. १०० वरून ३० वर यायला चार वर्षे लागली. पुढचा एकेक जूल कमी करताना कंपन्यांची दमछाक होते आहे, आणि मग चिपला तिच्या कुवतीच्या कडेला नेऊन चालवण्याचा मोह होतो. हा मोह लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता पैशाचे गणित. दिवसाला १४४ पाने, म्हणजे जगभरात मिळून ४५० बिटकॉइन. ते सगळ्या यंत्रांत त्यांच्या ताकदीप्रमाणे वाटले जातात असे समजा. जगभरातल्या यंत्रांची एकूण ताकद २०२५ मध्ये सेकंदाला एक झेटाहॅशच्या पुढे गेली. हिशोबाला सोपे म्हणून एक झेटाहॅशच धरू, म्हणजे १०० कोटी टेराहॅश. एका बिटकॉइनची किंमत धरू ८० लाख रुपये आणि वीज युनिटला ५ रुपये. दोन्ही आकडे केवळ गणितापुरते.

एस २१ च्या वाट्याला दिवसाला ०.००००९ बिटकॉइन येतात, म्हणजे ७२० रुपये. वीज ८४ युनिट, ४२० रुपये. उरले ३००. एस १९ प्रो ची कमाई ३९६, वीज ७८ युनिट, ३९० रुपये. उरले सहा रुपये, त्यात शेवपाव तरी येतो का बघा. एस ९ दिवसाला ४९ रुपये कमावते आणि १६० रुपयांची वीज पिते.

“म्हणजे लो ग्रेड,” भावोजी म्हणाले.

अगदी बरोबर. गोव्याचे खनिज मुळात कमी लोहाचे. पूर्वी जे रिजेक्शन म्हणून डंपवर टाकले जायचे, तेच बीजिंग ऑलिंपिकच्या आधीच्या वर्षांत चीनने भाव दिल्यावर बार्ज भरभरून निघाले. दगड तोच, दर बदलला. जुन्या यंत्रांचेही तसेच आहे. बिटकॉइन वर गेले किंवा कुठे धरणाकाठी अगदी स्वस्त वीज मिळाली की धूळ खात पडलेली एस ९ परत चालू होतात, भाव पडला की सगळ्यात आधी तीच बंद पडतात. उत्तम ॲव्हरेजचे यंत्र जास्त कमावते हे खरेच, पण भाव पडल्यावर ते सगळ्यात शेवटी बंद करावे लागते हा त्याचा खरा फायदा.

इथे भाचा खुलला. “मग एस २१ च घेतो. आपल्याकडे वीज स्वस्त.”

मी त्याला जळलेला प्लग दाखवला.

तो प्लग माझ्या ड्रॉवरमध्ये मुद्दाम ठेवलाय. साधा १६ अँपिअरचा, पांढरा. एका पिनेभोवती प्लास्टिक चॉकलेटी होऊन फुगले आहे आणि अजून नाकाशी धरला तर माशाच्या खवल्यासारखा वास येतो. सव्वातीन हजार वॅटचे जुने यंत्र कोणीतरी त्याच्या दोन्ही वायरी एका एक्स्टेंशनवर घेऊन घरच्या गीझरच्या सॉकेटला लावले होते. २३० व्होल्टला त्याला १४ अँपिअर लागतात, म्हणून कागदावर चालून गेले. पण असा पॉवर सप्लाय ठरलेले वॅट ओढतोच. व्होल्टेज पडले की तो करंट वाढवतो. संध्याकाळी लोड वाढून २०० व्होल्ट आले की तेच यंत्र सव्वासोळा अँपिअर मागते. गीझर पंधरा मिनिटे चालतो आणि गार होतो, हे यंत्र चोवीस तास, महिनेच्या महिने. घरचा सॉकेट त्यासाठी बनवलेला नसतो. वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, औद्योगिक सॉकेट आणि नीट अर्थिंग, हे यंत्राच्या किमतीत धरायलाच हवे. व्होल्टेज २०० च्याही खाली गेले तर बहुतेक यंत्रे सरळ बंद पडतात. आणि स्वस्त विजेचे म्हणाल तर महिन्याला अडीच हजार युनिट जाळणाऱ्या घराला खालच्या स्लॅबचा दर कसा मिळेल? ८ रुपये धरून तोच हिशोब केला तर ३०० चे ४८ होतात.

पाटीवरचे १७.५ आणि तुमच्या पदरी पडणारा आकडा यांत अंतर पडते ते असे. पाटीवरचा आकडा साधारण २५ अंश हवेतला असतो, आणि तिथेही काही टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा कंपनीने बारीक अक्षरांत घेतलेली असते. चिप तापली की तिच्यातून वीज झिरपते, तेवढ्याच कामाला जास्त वॅट लागतात. मग लोक म्हणतात, एसी लावू. थांबा. यंत्राने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. ३५०० वॅट म्हणजे बरोबर एक टनाच्या एसीने बाहेर फेकायची उष्णता. त्या एसीलाच किलोवॅटभर वीज लागते. आता ३५०० चे झाले ४५००, आणि १७.५ चे झाले २२.५. पैसे नव्या यंत्राचे मोजले आणि ॲव्हरेज मिळाले २०२२ च्या एस १९ एक्सपी पेक्षाही वाईट, त्याचे पाटीवरचे २१.५ होते. त्यापेक्षा एका बाजूने बाहेरची हवा घेऊन दुसऱ्या बाजूने झोताने बाहेर फेकणे बरे. पंख्यांचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो, तेव्हा शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

उलट दिशेनेही आकडा हलवता येतो, आणि हे मला तंत्र म्हणून फार आवडते. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चिपला कडेला नेण्याचा मघाचा मोह आवरून वेग थोडा कमी केला तर व्होल्टेजही कमी चालते, आणि वीज वेगापेक्षा जास्त घटते. टिप्पर ऐंशीऐवजी पंचावन्नने चालवल्यावर डिझेल वाचते तसे. यंत्र कमी हॅश करते पण एका टेराहॅशमागचे जूल उतरतात, तापमान उतरते, आयुष्य वाढते. काही यंत्रांत कंपनीचाच लो पॉवर मोड असतो. बाहेरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राला आतून चालवणारे सॉफ्टवेअर, घालून यापेक्षा बारीक जुळणी करता येते, मात्र त्यावर वॉरंटीवर बहुधा पाणी सोडावे लागते.

आणखी एक. यंत्राच्या स्क्रीनवर दिसणारा हॅशरेट म्हणजे कमाई नव्हे. एकट्याने खेळायचे म्हटले तर आपल्या २०० टेराहॅशवाल्याला एक पान जिंकायला सरासरी ९५ वर्षे लागतील, म्हणून सगळेजण पूलमध्ये, म्हणजे मिळून खेळणाऱ्यांच्या गटात, सामील होतात आणि कामाच्या हिश्शाने पैसे घेतात. चुकीची उत्तरे किंवा इंटरनेट रेंगाळल्यामुळे उशिरा पोचलेली उत्तरे पूल मोजत नाही. म्हणून वीज मोजायची भिंतीपाशी आणि काम मोजायचे पूलच्या हिशोबात, तेही दिवसाचे नको, महिन्याचे. भाषा ट्रकचीच वापरायची तर डिझेल पंपावर मोजा आणि खेपा जेटीवर.

खेपा म्हटल्यावर भावोजींनी दुसरा नेमका प्रश्न टाकला: “गाडी गॅरेजमध्ये किती दिवस असते?”

ॲव्हरेज आणि भरवसा यांचे लोक दोन वेगळे रकाने करतात. मला तो एकच रकाना वाटतो. समजा एक यंत्र २०० टेराहॅशचे आहे पण वर्षात दहा टक्के दिवस बंद राहते. हाती आले १८०. दुसरे पाटीवर १८६ चेच, पण दोन टक्के दिवसच बंद. हाती आले १८२. पहिल्याने बंद असताना वीज खाल्ली नाही हे कबूल, पण त्याच्यासाठी घातलेले भांडवल व्याज मागतच होते. शिवाय बंद पडलेला प्रत्येक दिवस सारख्या किमतीचा नसतो. दर २०१६ पानांनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, शर्यतीची अवघडता परत जुळवली जाते. जगात नवी यंत्रे वाढत जातात तशी आपल्या यंत्राची कमाई घटत जाते. अपवाद घडतात. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंगवर बंदी घातली तेव्हा जगातली निम्म्याच्या आसपास ताकद एकदम गायब झाली आणि बाकीच्यांची चांदी झाली. पण एरवी यंत्राचे पहिले सहा महिने हेच मलईचे. नेमक्या त्याच काळात ते दुरुस्तीला परदेशी गेले, कस्टममध्ये अडकले आणि दोन महिन्यांनी आले, तर वॉरंटीने बोर्ड भरून दिला तरी मलई भरून देत नाही.

बिघाड होतो कसा, तेही बघू. यंत्रात साधारण तीन हॅशबोर्ड असतात आणि प्रत्येकावर डझनावारी चिप ओळीने बसवलेल्या. एस ९ मध्ये तिन्ही मिळून १८९ होत्या. या चिप एकामागून एक जोडलेल्या असतात, चतुर्थीला माटोळीभोवती सोडतो त्या जुन्या दिव्यांच्या माळेसारख्या. मधली एक गेली की पुढे निरोप जात नाही आणि अख्खा बोर्ड बसतो. एका चिपपायी तिसरा हिस्सा कमाई गेली. आणि चिप मरायला फार काही लागत नाही: सोल्डरला बारीक तडा, धुळीने बुजलेला हीट सिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा), अडकलेला पंखा. २०१९ च्या एस १७ मालिकेचे उदाहरण या धंद्यात अजून देतात. पाटीवर ४०-४५ जूल, म्हणजे एस ९ च्या निम्म्याहून कमी. पण चिपवर बसवलेले हीट सिंक सुटून पडल्याच्या, बोर्ड शॉर्ट झाल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. बिचारी एस ९ मात्र खादाड असूनही वर्षानुवर्षे चालत राहिली.

विक्रेते एमटीबीएफ नावाचा आकडा दाखवतात, दोन बिघाडांमधला सरासरी काळ. समजा तो ५०,००० तास आहे. याचा अर्थ तुमचे यंत्र पावणेसहा वर्षे चालेल असा नाही. तशी १०० यंत्रे असतील तर साधारण दर ५०० तासांनी, म्हणजे तीन आठवड्यांनी, एखादे बंद पडेल असा आहे. शंभर यंत्रांच्या मालकाला तो आकडा उपयोगी. त्याच्याकडे सुटे बोर्ड असतात, पगारी माणूस असतो. एकच यंत्र असलेल्याचे एकतर सगळे चालते नाहीतर सगळे बंद.

आणि हे सगळे कोरड्या, गार जागी. आपला जुलै तुम्हाला माहीत आहे. चपलेवर बुरशी, मिठाला पाणी. या यंत्रांना साधारण ९० टक्क्यांपर्यंतची आर्द्रता चालते असे कागदावर असते, आपल्याकडे पावसाळ्यात कित्येक सकाळी हवा तो आकडा पार करते. गंमत अशी की यंत्र चालू असताना फारसे बिघडत नाही. ते स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. धोका ते बंद असताना. वीज गेली, यंत्र गार पडले, धुळीत आणि समुद्री हवेच्या मिठात ओल मुरली, आणि चार तासांनी वीज आली की त्या ओलसर बोर्डवर एकदम पूर्ण दाब. माझ्याकडे आलेल्या एका बोर्डवर चिपच्या पायांमध्ये हिरवट पापुद्रा धरला होता, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा. मालक सांगत होता, “पावसात बंदच ठेवले होते, काही होऊ नये म्हणून.” तेच चुकले. ठेवायचे तर सिलिका जेल घालून हवाबंद पिशवीत. वीज आल्यावर लगेच चालू न करता नुसत्या पंख्याने आधी सुकवावे. किनाऱ्यालगत तर उघड्या हवेवरचे यंत्र मी घेणारच नाही. तेलात बुडवून किंवा पाण्याने थंड करायची यंत्रे या बाबतीत बरी, पण तो खर्च एका पेटीवर निघत नाही.

भाच्याने शेवटी कर विचारला. आयकर कायद्यानुसार १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि खरेदीच्या किमतीशिवाय कोणताच खर्च वजा होत नाही. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च ही खरेदीची किंमत धरली जाणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत सांगितले. वाईटात वाईट धरून ७२० च्या पूर्ण रकमेवर ३० टक्के काढले तर २१६ जातात. मघाचे ३०० उरले ८४. यंत्र, वायरिंग, सगळे मिळून तीन लाखांत पडले असे समजा. वसूल व्हायला पावणेदहा वर्षे, तेही एकही दिवस बंद न पडता आणि कमाई एका पैशाने न घटता.

“मग घेऊ नको म्हणतोस?” भाचा जरा हिरमुसला.

मी म्हटले, तसे म्हणत नाही. आधी महिनाभर एक काम कर. त्याला माझा जुना क्लॅम्प मीटर दिला आणि एक वही. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री साडेआठ, घरचे व्होल्टेज लिहायचे. वीज किती वाजता गेली, किती वाजता आली, तेही.

परवा वही घेऊन आला. दुपारचे आकडे छान आहेत, २२८, २३१. रात्रीचे २०६, २०३, एकदा १९७. आठवड्याच्या मधल्या एका पानावर आकडेच नाहीत, भावोजींच्या अक्षरात लिहिलेय: माडाची झावळी तारेवर पडली, वीज नाही, लाइनमनला दोनदा फोन केला.